पायांवरची चादर

सदर, जबलपूर
१४ जुलै

बाबा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे न उघडताच आईच्या हातात दिलं असेल, तर आईने ते तुम्हाला परत द्यावं. पत्र तुम्हालाच आहे. फोन केला की तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता, आणि जे विचारायचं आहे ते आईला विचारून उपयोग नाही. काहून लिहून राहिली ही एवढ्या वर्षांनी, असं वाटलं असेल तर त्याचं उत्तर एवढंच.

काम आहे. आमच्या शाळेतले खेळाचे सर नोकरी सोडून गेले. नवीन कोणी मिळेपर्यंत सातवी ब चा योगाचा तास माझ्याकडे दिलाय. मी विज्ञान शिकवते, मला हे जमणार नाही, असं मी प्राचार्यांना सांगितलं. पण आमच्या हिंदीच्या ज्योती मॅडमनी आधीच त्यांच्या कानावर घातलं होतं की क्षमा लहानपणी योगासनांच्या स्पर्धा जिंकायची. प्राचार्य हसून म्हणाले, "फिर तो आपके बाएँ हाथ का खेल है!" त्यांना मी सांगितलं नाही की सतरा वर्षांत मी साधं ताडासनसुद्धा केलेलं नाही. तुम्हालाही हे माहीत नसेल. किंवा असेल.

पहिल्या तासाला प्रार्थनेच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या, मुलं उभी राहिली आणि मी तोंड उघडलं तर आतून तुमचाच आवाज आला. "लाइन सीधी! जूते-मोज़े बाहर! कमर सीधी!" मुलं दचकली. मीपण.

सगळ्यांनी जोडे-मोजे काढले, एकीने नाही. अवंतिका तिचं नाव. मराठी घरची आहे, वडील फॅक्टरीत आहेत, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतात. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. पहिल्या दिवशी म्हणाली, पायात मोच आहे, मुरगळलाय. पुढच्या वेळी म्हणाली, मोजे फार घट्ट आहेत, निघत नाहीत. परवा म्हणाली, मम्मीने मना केलं आहे. आणि मोच आलेली ही मुलगी शाळा सुटली की जिना धावत उतरते, मी स्वतः पाहिलं.

जबलपूर सोडण्याआधी तुम्ही या सदरमध्येच किती वर्षं योगाचा वर्ग चालवला, किती मुलं पाहिली. असं मूल आलं तर तुम्ही काय करायचे? एवढंच विचारायचं होतं.

अच्युत नमस्कार सांगतात.

क्षमा


२ ऑगस्ट

बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. "मोज्यात पाय सरकतो. पाय उघडे हवेत. ऐकत नसेल तर वर्गाबाहेर उभे करावे. शिस्त आधी." आणि खाली सही, "श्रीरंग". मुलीला लिहिताना सही करून नाव कोण लिहितं, बाबा? बँकेला लिहून राहिले होते काय?

आता मोज्यांचं सांगते. गेल्या आठवड्यात मैदानात पाणी साचलं होतं. मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेले तर अवंतिका एकटी बेसिनपाशी, एक मोजा काढून पिळत होती. मला पाहिलं आणि तिने पाय असा झटकन मागे घेतला, जशी काही चोरी सापडली. तोपर्यंत मला दिसलं होतं. बोटांपासून घोट्यापर्यंत पांढरे डाग. कोड आहे तिला. दुसरा पायही तसाच आहे, हे तिने नंतर सांगितलं. दोन वर्षं झाली, वर्गात कोणालाही माहीत नाही.

"मैडम, किसी को बताना मत. मम्मी बोलती हैं, पता चला तो शादी नहीं होगी."

बारा वर्षांची आहे ती. शादी!

मी म्हटलं, "नाही सांगत." आणि तिला माझा रुमाल दिला पाय पुसायला. तो तिने घेतला नाही, स्कर्टला पुसले. रुमाल मी परत वापरणार नाही असं तिला वाटलं असेल, हे माझ्या डोक्यात नंतर आलं.

या मुलीला मी वर्गाबाहेर उभं करू?

बाहेर उभं राहणं काय असतं ते मला माहीत आहे. भोपाळच्या स्पर्धेबद्दल आपल्या घरात कोणी कधी बोललं नाही, म्हणून आज मीच लिहिते. त्या वर्षी माझी कंबर महिनोन्‌महिने दुखत होती. तुम्हाला सांगितलं की तुम्ही म्हणायचे, नाटकं. स्टेजवर वृश्चिकासन घेतलं, पाय डोक्याकडे आणले आणि कंबरेतून अशी कळ आली की मी हळूच खाली आले आणि बसले. तुम्ही स्टेजच्या कडेला येऊन म्हणालात, "ऊठ." मी उठले नाही. मग तुम्ही माइक धरलेल्या माणसाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "ही माझी मुलगी नाही," आणि निघून गेलात. मी दुसऱ्या एका मुलीच्या आईबरोबर गाडीने जबलपूरला आले. घरी आईने ताट वाढलं. तुम्ही वर्ग बंद केला. बस.

मी पडले नव्हते, बाबा. मी बसले होते. हा फरक तुम्हाला कधी कळला की नाही, मला माहीत नाही.

उत्तर नाही दिलं तरी चालेल.

क्षमा


२५ ऑगस्ट

बाबा,

तुमचं दुसरं कार्ड आलं. तीनदा वाचलं. भोपाळबद्दल त्यात एक अक्षर नाही. पण खाली "बाबा" लिहिलं आहे, ते पाहिलं.

आईचा फोन आला होता. म्हणाली, "काय लिहिलं गं तू असं? दिवसभर हॉलमध्ये सतरंजी टाकून पडून होते. कधी या भिंतीकडे तोंड, कधी त्या भिंतीकडे. मी विचारलं तर म्हणतात, तू मधून जाऊ नको, मी पाहून राहिलो आहे. तुझा भाऊ घाबरला, म्हणाला, बाबांना चक्कर तर नाही आली?"

मला एवढं हसू आलं की आईला शंका आली मी रडते आहे.

तुम्ही लिहिलं तसं केलं. "मुलांना समोरासमोर बसवू नको. सर्वांची तोंडे भिंतीकडे. कोणालाच कोणी दिसता कामा नये. उभ्याची आसने आता नकोत, बसून आणि पडून घे. शवासनात प्रत्येकाला पायांवर चादर घेऊ दे." हॉलच्या चारही भिंतींना लागून सतरंज्या टाकल्या. मुलांना आधी गंमत वाटली. "मैडम, सज़ा दे रहे हो क्या?" मी म्हटलं, नाही, आज कोणी कोणाला पाहायचं नाही, आणि मीसुद्धा फार पाहणार नाही.

आणि बाबा, हॉल शांत झाला. मला वाटत होतं फक्त अवंतिकाला लपायचं आहे. पण एका मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा हात पूर्ण वर नेले. त्याचा शर्ट काखेत उसवलेला असतो, हे मला तेव्हा कळलं. जी लठ्ठ मुलगी दर वेळी "पेट दुख रहा है" म्हणून कोपऱ्यात बसायची, तिने पश्चिमोत्तानासन केलं. बोटं पायापर्यंत पोचली नाहीत. पोचली नाहीत म्हणून कोणी हसलंही नाही, कारण कोणाला दिसलंच नाही.

चादरी मुलांनी घरून आणल्या. कोणाची ओढणी, कोणाचा आजीचा पंचा. दुसऱ्या आठवड्यात शवासन चालू होतं, मी भिंतीभिंतीने फिरत होते. अवंतिकाजवळून गेले तर तिने डोळे मिटलेलेच ठेवून हळूच म्हटलं, "मैडम, मैंने उतारे हैं. अंदर."

चादरीखाली तिची बोटं हलत होती.

मी पुढे गेले. पण तुम्हाला कळवावंसं वाटलं. ही कल्पना तुमची होती.

अजून एक विचारायचं आहे. मुलं म्हणतात, "मैडम, आप करके दिखाओ ना." मी फक्त तोंडाने सांगते. किती दिवस चालेल असं?

क्षमा


१९ सप्टेंबर

बाबा,

वाईट झालं आहे.

परवाच्या तासाला शवासन संपत आलं होतं. एक मुलगी उठून बसली आणि गंमत म्हणून तिने शेजारच्या अवंतिकाची चादर ओढली. ती रोज कोणाची ना कोणाची ओढते, तिला काही माहीत नव्हतं. अवंतिकाचे पाय उघडे पडले. ती मुलगी किंचाळली. सगळे उठून आले. कोणीतरी म्हणालं, "छूत की बीमारी है," आणि दोघीतिघींनी आपल्या सतरंज्या ओढून दूर नेल्या. मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला होते, पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं.

अवंतिका रडली नाही. बसून शांतपणे एक मोजा चढवला, मग दुसरा. जोडे घातले, लेस बांधली. मग दप्तर न घेता शाळेच्या फाटकाबाहेर गेली.

दप्तर घेऊन मी संध्याकाळी तिच्या क्वार्टरवर गेले. तिची आई, विभावरी, दारातच उभी राहिली. आत या म्हणाली नाही. "तुम्हीच काढायला लावले ना मोजे?" मी म्हटलं, मी लावले नाहीत, तिने तिच्या मनाने काढले होते. "दोन वर्षं सांभाळलं आम्ही, मॅडम. दोन वर्षं! शेजारणीला पत्ता लागू दिला नाही. तुम्ही एका महिन्यात सगळ्या शाळेला दाखवलं." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "आता कुठे लपवू मी तिला?"

तिच्यावर राग धरता येत नाही मला. ती घाबरलेली आहे, एवढंच.

काल वर्गात मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्वचा शिकवली. रंग कुठून येतो, तो बनवणाऱ्या पेशी काही जागी काम थांबवतात तेव्हा काय होतं. मुलांनी खरे प्रश्न विचारले. हात लावला तर होतं का? एका बाटलीतून पाणी प्यायलं तर? दुखतं का? मी सगळ्यांची उत्तरं दिली. चादर ओढणारी मुलगी खाली मान घालून बसली होती. तास संपल्यावर माझ्याकडे आली, "मैडम, मुझे बाहर खड़ा करोगी?" मी म्हटलं, नाही.

पण हे सगळं शिकवलं तेव्हा अवंतिकाची जागा रिकामी होती. तिला कुंडमला आत्याकडे पाठवलं आहे. विभावरी शाळेत येऊन म्हणाली, दिवाळीनंतर दाखला द्या, ती आता घरूनच परीक्षा देईल. प्राचार्यांनी हो म्हटलं.

चादरीची कल्पना तुमची होती म्हणून तुम्ही मनाला लावून घ्याल. घेऊ नका. तिचे पाय एक महिना मोकळे होते, तेही तुमच्यामुळेच.

आता काय करू? हा प्रश्न आसनाचा नाही, मला माहीत आहे. तरी तुम्हालाच विचारून राहिले.

क्षमा


११ नोव्हेंबर

बाबा,

तुम्ही या वेळी कार्ड नाही, चांगलं पानभर लिहिलं. बाकी सगळं आसनांबद्दल होतं, पण मी पहिल्या दोन ओळींवरच अडकले. "जा. उशीर करू नको. एकदा उशीर झाला की मग जाता येत नाही, हे मी अनुभवाने लिहितो."

ते मी पुन्हा घडी करून ठेवून दिलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

तरी मी दिवाळी होईपर्यंत टाळलंच. काल रविवार होता, अच्युत म्हणाले, मी सोडतो गाडीने. मी म्हटलं, नको, बसने जाते. कुंडमचा रस्ता तुम्हाला आठवत असेल, दोन्हीकडे सागाची झाडं. वाटेत सगळा वेळ मी मनात भाषण तयार करत होते. कोडाची माहिती, शिक्षणाचं महत्त्व, वगैरे.

आत्याचं घर शोधायला वेळ लागला नाही. राजश्रीबाई म्हटलं की कोणीही दाखवतं, तिचे यजमान वन विभागात आहेत. अंगणात धान वाळत घातलं होतं, त्याच्या बाजूला चटई, चटईवर पाय लांब करून आत्या बसलेली, आणि तिच्यासमोर अवंतिका. अनवाणी. फाटकाकडे पाठ होती, मी आलेली तिला दिसली नाही.

"साँस छोड़ो, आत्या. अब झुको. जितना होता है उतना. ज़्यादा नहीं. कोई देख नहीं रहा."

बाबा, ही माझी वाक्यं आहेत. शब्दाला शब्द. शेवटचं तर मी फक्त भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मुलांना म्हणते.

आत्या म्हणत होती, "अगं, गुडघा बोलून राहिला माझा!"

"बोलने दो. आप मत सुनो. अच्छा, नहीं, सुनो. दुखे तो रुक जाओ."

मी हसले. तिने वळून पाहिलं. पहिल्यांदा तिचे डोळे माझ्याकडे आले, मग स्वतःच्या पायांकडे गेले. मला वाटलं आता झाकेल. जवळ ओढणी पडली होती, तिने तिकडे हातही नेला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, ओढणी आत्याच्या मानेमागे उशीसारखी ठेवली आणि म्हणाली, "मैडम, आप भी बैठो."

आत्याने सांगितलं, आल्यावर आठ दिवस पोरगी बोलली नाही. मग आत्याचे गुडघे धरतात हे पाहून एक दिवस म्हणाली, मला एक येतं, दाखवू? आता शेजारच्या दोघीही येतात सकाळी. त्यातल्या एकीने पायांकडे बोट दाखवून विचारलं होतं, हे काय गं? अवंतिकाने सांगितलं. ती बाई म्हणाली, अच्छा, आणि पुढे म्हणाली, माझं कंबरेचं पण काही असेल तर सांग.

भाषण मी केलंच नाही. त्याची गरज राहिली नव्हती. अवंतिका माझ्याकडे पाहून म्हणाली, "मैडम, आज तो करके दिखाओ. यहाँ कौन है?"

मी साडी खोचली आणि चटईवर उभी राहिले. वृक्षासन. सगळ्यात सोपं म्हणून घेतलं. पाय उचलला, मांडीवर टेकवला, हात वर नेले, आणि तुमची राज्यस्तरीय मुलगी धानात कलंडली. सरळ धानात! आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. अवंतिकाने हात देऊन उठवलं आणि केसातलं धान काढत म्हणाली, "कोई बात नहीं मैडम. दीवार पकड़ के करो."

भिंत धरून केलं. एका पायावर उभी होते, कंबर थरथरत होती, आणि बाबा, मला बरं वाटलं. हे कोणाला सांगावं तर तुम्हीच आहात.

परतताना मी तिला एवढंच विचारलं, शाळेत येशील? ती म्हणाली, विचार करते.

क्षमा


८ डिसेंबर

बाबा,

अवंतिका आली.

मागच्या सोमवारी दारात उभी, पायात मोजे, जोडे, सोबत विभावरी. आईला तिने स्वतःच मनवलं. म्हणजे मनवलं असंही नाही, आत्याने फोन करून म्हटलं, "वहिनी, तुम्ही पोरीचे पाय लपवता लपवता पोरगीच लपवून ठेवली." त्यानंतर विभावरीने दोन दिवस तिचा फोन उचलला नाही म्हणे. मग स्वतः कुंडमला जाऊन घेऊन आली.

अवंतिकाने अट घातली आहे. मोजे काढायचे की नाही हे ती ठरवणार, मी नाही, मम्मी नाही. मी विभावरीकडे पाहिलं. विभावरी म्हणाली, "मला भीती वाटते, मॅडम. पण ठीक आहे."

सगळं गोड झालं असं समजू नका. दोन मुली अजून तिच्या शेजारी बसत नाहीत. एकाने फळ्यावर काहीतरी लिहिलं होतं, ते मी येण्याआधी कोणीतरी पुसलं. कोणी पुसलं ते कळलं नाही. पण चादर ओढणारी मुलगी आता योगाच्या तासाला आपली सतरंजी अवंतिकाच्या सतरंजीला चिकटवून टाकते. दोघी फारसं बोलत नाहीत. ती मुलगी आपली चादर मात्र आता अवंतिकाला देते, आणि स्वतः स्वेटर पायांवर घेते.

आता बारा जानेवारीला सगळ्या शाळांमध्ये सामूहिक सूर्यनमस्कार असतो, तुम्हाला माहीत आहे. आमच्या मैदानावर पालकही येणार आहेत. प्राचार्य म्हणाले, "सातवीतून जे चांगलं करतात ते दहा काढा, पुढच्या ओळीत." मी म्हटलं, सर, सगळी सातवी येईल, नाहीतर कोणीच नाही. एवढं मोठ्याने मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. ज्योती मॅडम खिडकीतून पाहून राहिल्या होत्या. प्राचार्यांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "और सामने माइक पर बोलेगा कौन? आप?"

वर्गात विचारलं तर मागून कोणीतरी म्हणालं, अवंतिका. गेल्या आठवड्यात एका तासाला मी तिला आसनं सांगायला दिली होती, ती तिची पद्धत सगळ्यांना आवडली. ती लाल झाली. तिने हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

मी रोज सकाळी थोडं करते. भिंत धरूनच. तुम्ही लिहिलेलं कंबरेसाठीचं आसन करून पाहिलं. उजवीकडे जास्त ओढतं.

या पत्रात मी तुम्हाला बोलावत नाही. फक्त तारीख कळवते आहे.

क्षमा


१९ जानेवारी

बाबा,

तुम्ही सुखरूप पोचलात हे आईकडून कळलं. मफलर आमच्याकडेच राहिला.

तुम्ही याल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे वाटलं होतं, आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ आणून ठेवलं होतं. पण मैदानाच्या दोरीमागे पालकांमध्ये तुम्ही उभे दिसलात तेव्हा रांगेतली मुलं मोजताना मला पुढचा आकडा आठवेना.

थंडी किती होती! दवाने गवत ओलं झालं होतं, मुलं गयावया करत होती, आणि प्राचार्यांनी शेवटी परवानगी दिली की आज मोजे घातले तरी चालतील. सगळ्या शाळेच्या पायात मोजे. त्या दिवशी अवंतिकाला काहीच करायचं नव्हतं, बाबा. ती नुसती सगळ्यांसारखी उभी राहिली असती तरी झालं असतं.

पण सकाळी सराव करताना तिचे मोजे भिजले. माइकसाठी मांडलेल्या लाकडी तख्तावर चढताना ती माझ्या कानात म्हणाली, "मैडम, ये चिपचिप कर रहे हैं." आणि तख्ताच्या कडेला बसून तिने ते काढले. एवढंच कारण होतं. लोकांना वाटतं मी तिला शिकवलं असेल, किंवा तिने ठरवून काही धाडस केलं. मोजे ओले होते.

पुढचं तुम्ही पाहिलं, तरी मला लिहू द्या. ती उभी राहिली. पुढच्या ओळींत कुजबुज सुरू झाली. पालकांतही. विभावरीने पदर तोंडाला लावला. मी निघालेच होते तिच्याकडे, आणि तेवढ्यात माइकवर आवाज आला.

"सब लोग एक बार देख लो. देख लिया? अच्छा. अब आँखें बंद करो, और साँस लो."

आणि सगळ्या मैदानाने डोळे मिटले. प्राचार्यांनीसुद्धा.

तिचा आवाज पहिल्या नमस्काराला कापत होता, दुसऱ्यालाही. मग कापायचा थांबला. मधेच तिने म्हटलं, "पीछे जो दादाजी लोग खड़े हैं, आप भी हाथ ऊपर करो, ठंड भाग जाएगी." मी पाहिलं, तुम्ही हात वर केले. डावा पूर्ण गेला, उजवा कानापर्यंतच.

आता तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. कार्यक्रमानंतर विभावरी तख्तापाशी आली. तिच्या पिशवीत कोरडे मोजे होते, तिने आणून ठेवले होते. ते बाहेर काढले, हातात धरले, आणि विचारलं, "घालते का?" ती असं विचारताना मी पहिल्यांदा ऐकलं. अवंतिका म्हणाली, "हाँ, दो ना, बहुत ठंड है." आणि दोघी तिथेच बसून हसायला लागल्या.

आता आपलं.

स्टेशनवर गाडी लागली होती, तुम्ही खिडकीशी बसला होतात. मी पाण्याची बाटली दिली तेव्हा तुम्ही माझ्याकडे न पाहता विचारलं, "कंबर अजून दुखते का?" मी "कधी कधी" म्हटलं आणि गाडी सुटली. ते उत्तर अपुरं होतं. सतरा वर्षं कोणी विचारेल म्हणून वाट पाहिली आणि विचारलं तेव्हा दोन शब्दांत आटोपलं.

तर ऐका. दुखते. थंडीत जास्त. वाकताना नाही, फार वेळ उभं राहिलं की दुखते, शाळेत चौथ्या तासाला. तेव्हा डॉक्टरला दाखवायला हवं होतं. मला त्या वेळी तुमचा फार राग आला होता, आणि नंतर त्याहून जास्त तुमची आठवण यायची, आणि दोन्ही गोष्टी कोणाला सांगता यायच्या नाहीत. मी गाडीत बसून भोपाळहून आले तेव्हा सगळा रस्ता मला वाटत होतं, पुढच्या स्टेशनवर बाबा चढतील. आता हे लिहून झालं. तुम्ही यावर काही लिहावं अशी माझी मागणी नाही. नुसतं वाचा.

परवा तासानंतर अवंतिका माझ्याकडे आली. त्या दिवशी तुम्ही तिच्याशी बोललात, पण तुम्ही कोण हे तिला सांगितलं नाही, असं दिसतं. म्हणाली, "मैडम, वो मफलर वाले दादाजी किसके थे? मैंने उनको बोला, आपका कंधा बहुत टाइट है. तो बोले, हो, बरीच वर्षं झाली."

मी म्हटलं, "माझे बाबा आहेत ते."

तिने स्वतःचा खांदा गोल फिरवून पाहिला. "तो बुला लो ना. दो-तीन महीने लगेंगे, पर खुल जाएगा."

मी तिला होळीनंतर म्हणून सांगितलं आहे. ती तयारीला लागली आहे, तेव्हा तिकीट तुम्ही लवकर काढा. आईलाही आणा.

क्षमा